जीवरक्षक जाकिटाची निवड व निगा

सातपुड्याच्या कुशीतील काठी ह्या गावाचे नाव तेथील राजवाडी होळीमुळे दूरवर पोहोचले आहे. अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव डोंगराळ असून येथील शेतकरी ज्वारी, मका, भात, तूर ह्या पिकांवर उपजीविका करतो. अशा गावी झालेल्या सभेच्या निमित्ताने पाण्यावरील सुरक्षिततेविषयी लिहावे, हे वाचकांस प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु काठीच्या उत्तरेस डोंगर ओलांडले की नर्मदा लागते, आणि आज तेथे पूर्वीची वाहती नदी राहिलेली नाही. तेथे सरदार सरोवराचा खोल, संथ व विस्तीर्ण जलाशय पसरला आहे.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा सुमारे ५४ किलोमीटर वाहते. सरदार सरोवर धरणाची १३८.६८ मीटर ही पूर्ण पातळी २०१९ च्या सप्टेंबर महिन्यात प्रथमच गाठली गेली. जेथे नाले व दऱ्या होत्या तेथे आता खोल पाणी आहे. काठावरील अनेक पाड्यांना बाजार, दवाखाना व शाळा ह्यांसाठी होडी किंवा बार्ज हेच वाहन उरले आहे. ज्यांची खालची जमीन पाण्याखाली गेली त्यांपैकी कित्येकांनी डोंगरउतारावरील शेतीस मासेमारीची जोड दिली आहे. तेव्हा शेतकऱ्याचा विचार करावयाचा तर तो पाण्यावर असताना त्याच्या जिवाचे काय, हाही प्रश्न आपल्याच कामाचा भाग ठरतो.

काठी येथील एक प्रसंग

खरिपापूर्वी काठी येथे घेतलेली बीजप्रक्रियेची सभा आटोपली होती. मंडळी पांगू लागली तेव्हा नर्मदाकाठच्या गावातून पाहुणा म्हणून आलेला एक तरुण पुढे आला. त्याने पिशवीतून एक जाकीट काढले. ते पट्ट्यासारखे चपटे होते. आत हवा भरण्याची पिशवी, बाजूस एक छोटा सिलिंडर व ओढावयाची दोरी होती. शेजारच्या राज्यात मजुरीस गेला असताना त्याने ते कोणाकडून तरी जुने विकत घेतले होते.

"साहेब, बियाण्याच्या पिशवीवरसुद्धा कसे पेरावे ते छापलेले असते. ह्याच्यावरचे छापलेले सगळे पुसले आहे. हे चालते कसे तेवढे सांगा," असे तो म्हणाला.

"दादा, आधी सिलिंडर काढून पाहू," असे म्हणून आम्ही तो फिरवून बाहेर काढला. त्याच्या तोंडाशी सुईने पाडलेले छिद्र होते. सिलिंडर पूर्वीच वापरला गेला होता व रिकामा होता. हा तरुण चार महिने ते जाकीट छातीशी बांधून एकटाच पहाटे जाळी काढावयास जात होता. जाकीट अंगावर आहे ह्या भरवशावर तो पूर्वीपेक्षा अधिक खोल पाण्यात जाऊ लागला होता, हेही त्याने सांगितले. ते ऐकून सभेस आलेली वडीलधारी मंडळी बराच वेळ काही बोलली नाहीत.

उगवणशक्ती तपासल्यावाचून बियाणे पेरू नये, हे आपण नेहमी सांगतो. न उगवलेले बियाणे पुन्हा पेरता येते. न फुगलेल्या जाकिटाच्या बाबतीत दुसरी संधी मिळत नाही. म्हणून जीवरक्षक जाकीट, ज्यास सर्वत्र लाइफ जॅकेट असे म्हटले जाते, ते कसे निवडावे, कसे तपासावे व कसे सांभाळावे ह्याची माहिती पुढे दिली आहे.

पोहता येते, मग जाकीट कशाला?

नर्मदाकाठचा माणूस लहानपणापासून पोहतो हे खरे आहे. तथापि अपघात पोहण्याच्या तयारीने येत नाही. होडी उलटताना डोक्यास मार बसतो, अंगावर कपडे असतात, पाय जाळ्यात गुंततात, काळोख असतो, आणि बुडणारा दुसरा माणूस गळ्यास मिठी मारतो. अशा वेळी पट्टीचा पोहणाराही हतबल होतो.

जलाशयाचे पाणी संथ दिसते, परंतु वाऱ्यास अडविणारे तेथे काही नसते. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव व कळाशी ह्या गावांच्या दरम्यान वादळी वाऱ्याने होडी उलटली. होडीतील सातांपैकी एक जण पोहत काठास लागला; उरलेले सहा बुडाले. आपल्या जिल्ह्यात १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भूषा येथे नर्मदेत बोट उलटली व लहान मुलांसह अनेकांचे प्राण गेले. बडोदा येथील हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीस आलेले १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत माणसे जादा होती आणि अनेक मुलांच्या अंगावर जाकीट नव्हते.

ह्याउलट एक जुने उदाहरण बोलके आहे. १८६१ साली इंग्लंडमधील व्हिटबी ह्या बंदरात वादळात सापडलेल्यांस वाचविण्यास गेलेली नाव उलटली. नावेवरील तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचलेल्या हेन्री फ्रीमन ह्याच्या अंगावर तेव्हा नवेच निघालेले बुचाच्या लाकडाचे जाकीट होते. अमेरिकेत होड्यांच्या अपघातांची नोंद दरवर्षी ठेवली जाते. तेथेही अलीकडील वर्षांत बुडून मेलेल्या दर दहांपैकी आठांहून अधिक माणसांनी जाकीट घातलेले नव्हते असे दिसून येते.

शरीर तरते कसे?

माणसाचे शरीर पाण्याच्या जवळजवळ बरोबरीचे असते. ते सहज तळास जात नाही, पण नाकतोंड पाण्यावर राहील इतके वरही येत नाही. डोके पाण्याबाहेर ठेवण्यास मोठ्या माणसाला साधारणतः चार ते पाच किलोग्रॅमचा आधार पुरतो. पाठीस सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहावयास शिकलेल्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. परंतु भोपळा पाठीस असला तर बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्यात जाते. चांगल्या जाकिटाचा मुख्य आधार छातीवर व मानेमागे असतो, म्हणून तोंड आकाशाकडे राहते. जाकीट व इतर तरंगणाऱ्या वस्तू ह्यांत महत्त्वाचा भेद आहे तो हाच.

जाकिटाची उचलण्याची शक्ती न्यूटन ह्या मापात छापलेली असते. दहा न्यूटन म्हणजे सुमारे एक किलोग्रॅमचा आधार, असा हिशेब धरावा. आयएसओ १२४०२ ह्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मोठ्या माणसांसाठी जाकिटांचे चार वर्ग येणेप्रमाणे आहेत :

५० न्यूटन : काठाजवळ असलेल्या, शुद्धीवर असलेल्या व पोहता येणाऱ्या माणसासाठी. हे बेशुद्ध माणसास उताणे करीत नाही.
१०० न्यूटन : संथ व आडोशाच्या पाण्यासाठी.
१५० न्यूटन : उघड्या व लाटा उठणाऱ्या पाण्यासाठी. नीट बसलेले असल्यास बहुधा बेशुद्ध माणसासही उताणे करते.
२७५ न्यूटन : भर समुद्रात जड कपडे व अवजारे घेऊन काम करणाऱ्यांसाठी.

आपल्या जलाशयावर प्रवाशांसाठी किमान १०० न्यूटन, व एकट्याने दूरवर जाणाऱ्या मच्छीमारासाठी १५० न्यूटन हे माप धरणे इष्ट आहे.

दोन प्रकार : फोमचे व फुगणारे

फोमच्या जाकिटात पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम भरलेला असतो. ते सदैव तरंगते. त्यास दोरी ओढावी लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत, आणि लहानशी चीर पडली तरी ते निकामी होत नाही. मात्र ते जाड असते. उन्हात घाम येतो, जाळे ओढताना ते आड येते, आणि म्हणून पुष्कळजण ते काढून बाजूस ठेवतात.

फुगणारे जाकीट ह्याच अडचणीवर उपाय म्हणून निघाले. ते अंगावर पट्ट्याप्रमाणे बसते व हात मोकळे राहतात. त्यातील सिलिंडरमध्ये सोडावॉटरमध्ये असतो तोच कार्बन डाय-ऑक्साइड वायू दाबून भरलेला असतो. दोरीस झटका दिला की सुई सिलिंडरचे तोंड फोडते आणि पिशवी काही क्षणांत फुगते. १५० न्यूटनच्या जाकिटात बहुधा ३३ ग्रॅम वायू असतो. तो मोकळा झाला म्हणजे सुमारे १७ ते १८ लिटर जागा व्यापतो. बाजूस सरलेले प्रत्येक लिटर पाणी एक किलोग्रॅम वजन उचलून धरते. म्हणजे मुठीत मावणारा सिलिंडर १७ किलोग्रॅमच्या आसपास आधार देतो.

फुगणाऱ्या जाकिटाचे पुन्हा दोन उपप्रकार आहेत. हातचे जाकीट केवळ दोरी ओढल्यावर फुगते. आपोआप फुगणाऱ्या जाकिटात पाण्यात विरघळणारी गोळी असते. ती विरघळताच स्प्रिंग सुटून सुई पुढे जाते. काही महाग जाकिटांत गोळीऐवजी पाण्याच्या दाबाने उघडणारी झडप असते. दोन्ही उपप्रकारांत तोंडाने फुंकून हवा भरण्याची नळी दिलेली असते, व सिलिंडरने दगा दिल्यास तोच शेवटचा आधार असतो.

कोणी कोणते घ्यावे?

येथे नीट विचार करणे अगत्याचे आहे. फुगणारे जाकीट सुटसुटीत व दिसण्यात चांगले आहे, म्हणून ते सर्वांस योग्य आहे असे नाही. फुगेपर्यंत त्याची तरंगण्याची शक्ती शून्य असते.

लहान मुले, पोहता न येणारी माणसे, वृद्ध, आजारी व गरोदर स्त्रिया ह्यांना फोमचेच जाकीट द्यावे. घाबरलेले मूल दोरी ओढील ही अपेक्षा ठेवता येत नाही. मुलाचे जाकीट वयावर न घेता वजनावर घ्यावे, आणि त्यास मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा. मोठ्या माणसाचे जाकीट मुलास घातल्यास पाण्यात जाकीट वर येते व मूल त्यातून खाली निसटते.

बार्ज व प्रवासी होड्यांवर फोमचीच जाकिटे ठेवावीत. ती अनेक हातांतून जातात, आणि प्रत्येक प्रवाशास दोरीची माहिती देणे शक्य नसते.

फुगणारे जाकीट अशा प्रौढ मच्छीमाराने घ्यावे, ज्यास चांगले पोहता येते, जो फोमचे जाकीट कामामुळे अंगावर ठेवीत नाही, आणि जो दर महिन्यास तपासणी करण्यास तयार आहे. एकट्याने जाणाऱ्याने आपोआप फुगणारे व दोरीचीही सोय असलेले घेणे बरे, कारण डोक्यास मार लागल्यास दोरी ओढणार कोण? तथापि पावसाळ्यातील दमट हवेत व सततच्या भिजण्याने ही गोळी अवेळी विरघळून जाकीट फुगण्याचा संभव असतो. म्हणून तिचा एक जोड नेहमी जवळ हवा.

सुट्या भागांचा प्रश्नही आधीच सोडवावा. एकदा फुगलेल्या जाकिटास नवा सिलिंडर व आपोआप फुगणाऱ्या जाकिटास नवी गोळीही लागते. ह्या वस्तू अक्कलकुवा किंवा मोलगीच्या बाजारात मिळतील असे समजून चालू नये. जाकीट घेतानाच त्याच मापाचे दोन जादा सिलिंडर घ्यावेत. ते परवडत नसल्यास फुगणाऱ्या जाकिटाचा नाद सोडून त्याहून पुष्कळ स्वस्त असे फोमचे जाकीट घ्यावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

विकत घेताना तपासणी

प्रथम जाकिटावरील छापील पट्टी वाचावी. न्यूटनचा आकडा, वापरणाऱ्याचे वजन, मानकाचे नाव व निर्मितीचे वर्ष ही चारही माहिती तेथे हवी. पट्टी नसलेले किंवा पुसलेले जाकीट घेऊ नये. जुने फुगणारे जाकीट तर मुळीच घेऊ नये.

स्वस्त जाकिटांत कधी कधी गादीचा स्पंज किंवा थर्मोकोलचे तुकडे भरलेले आढळतात. स्पंज पाणी पिऊन जड होतो. ह्याची परीक्षा घरी करता येते. ५० न्यूटनच्या जाकिटास तराजूचे पाच किलोग्रॅमचे लोखंडी माप, व १०० न्यूटनच्या जाकिटास दहा किलोग्रॅमचे माप बांधावे, दोरी लावावी व जाकीट हौदात किंवा काठाजवळच्या पाण्यात सोडावे. चांगले जाकीट एक दिवस व एक रात्र तसेच तरंगत राहिले पाहिजे. दगड वापरू नये. दगड पाण्यात लोखंडापेक्षा पुष्कळच हलका होतो व परीक्षा फसवी ठरते.

नंतर जाकीट अंगावर घालून सर्व पट्टे आवळावेत, आणि दुसऱ्या माणसास खांद्यांशी धरून ते वर उचलावयास सांगावे. जाकीट हनुवटीच्या वर कानांपर्यंत सरकले तर ते सैल आहे असे समजावे.

फुगणारे जाकीट नेहमी सर्व कपड्यांच्या वर घालावे. त्यावर रेनकोट, स्वेटर किंवा घोंगडी घेतल्यास फुगताना छाती आवळली जाते व श्वास कोंडतो.

महिन्याची निगा

फुगणाऱ्या जाकिटाची निगा फवारणीच्या पंपाप्रमाणे ठेवावी. जो पंप वर्षभर कोपऱ्यात पडून राहतो तो ऐन किडीच्या वेळी दगा देतो. दर महिन्यास पुढील गोष्टी कराव्यात :

१. सिलिंडर फिरवून काढावा. तोंडाशी छिद्र नाही व गंज नाही हे पाहावे.
२. सिलिंडरवर त्याचे भरलेले वजन कोरलेले असते. सोनाराच्या काट्यावर तो तोलावा. दोन-तीन ग्रॅमहून अधिक घट आढळल्यास तो बदलावा.
३. सिलिंडर काढलेला असताना नळीतून तोंडाने हवा भरून जाकीट रात्रभर ठेवावे. सकाळी ते ढिले पडले असल्यास वापरू नये. गळ, शिंगाळ्याचा काटा, बाभळीचा काटा किंवा विडीची ठिणगी ह्यांमुळे पिशवीस बारीक छिद्र पडते व ते डोळ्यांस दिसत नाही.
४. हवा काढून, घडी पूर्वीप्रमाणे करून सिलिंडर हाताने घट्ट बसवावा. होडीच्या इंजिनाच्या हादऱ्यांनी तो सैल होतो.
५. आपोआप फुगणाऱ्या जाकिटातील गोळीवरील मुदत पाहावी व मुदत संपण्यापूर्वी ती बदलावी.
६. दोरी बाहेर, हातास लागेल अशी लोंबती ठेवावी.

दोन्ही प्रकारची जाकिटे गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावीत व उंदरांपासून दूर टांगून ठेवावीत. फोमच्या जाकिटाचा उशी किंवा बैठक म्हणून उपयोग करू नये. दबून फोमची शक्ती कमी होते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील होड्या, त्यांवर बसणारी माणसे व उपलब्ध जाकिटे ह्यांची साधी यादी करावी. माणसांची संख्या जाकिटांहून अधिक असेल तर ती तूट ग्रामसभेपुढे मांडावी. यांत्रिक नौकांसाठी २०२१ साली अंतर्देशीय जलयान अधिनियम झालेला असून जीवरक्षक साधने हा त्यातील महत्त्वाचा विषय आहे, हे बोटमालकांस समजावून द्यावे. मच्छीमार सहकारी संस्थांनी जाकिटे व सिलिंडर एकत्रितपणे मागविल्यास ते स्वस्त पडतात व सर्वांकडे एकच माप राहते. साहाय्याच्या चालू योजनांविषयी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी.

संक्रांत व होळी ह्या सणांपूर्वी, जेव्हा होड्यांवर गर्दी होते, काठाजवळच्या कंबरभर पाण्यात एक प्रात्यक्षिक अवश्य घ्यावे. माणसास दोरी बांधावी, जाकीट घालून त्यास पाण्यात उतरवावे व उताणे तरंगून दाखवावयास सांगावे. शाळेच्या मुलांस हे प्रथम दाखवावे. मुले घरी जाऊन वडिलांस सांगतात, आणि ते सांगणे आपल्या भाषणापेक्षा अधिक पटते. जाकिटे होडीच्या पेटीत कुलूप लावून ठेवलेली आढळल्यास ती नाहीत असेच समजावे. होडी उलटण्यास जितका वेळ लागतो तितक्यात कुलूप उघडत नाही.

काठीच्या सभेतील तरुणास आम्ही दोन पर्याय सांगितले : त्याच मापाचे नवे सिलिंडर मिळवून जाकिटाची संपूर्ण तपासणी करावी, किंवा ते बाजूस ठेवून फोमचे घ्यावे. त्याने थोडा विचार करून फोमचे घेतले. पुढे भेट झाली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, घाम येतो खरा, पण आता आई पहाटे मला थांबवीत नाही."

ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे व ऐपतीप्रमाणे जाकीट निराळे असेल. परंतु ते तपासलेले असावे, आणि होडीत पाय ठेवण्यापूर्वी अंगावर बांधलेले असावे, हे दोन नियम सर्वांस सारखेच लागू आहेत.